स्वयंचलित शक्तिप्रेषण, पिकअप ट्रकमधील

स्वयंचलित शक्तिप्रेषण, पिकअप ट्रकमधील : एंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या आणि गाडीचा वेग, भार व रस्त्याचा चढ-उतार यांनुसार योग्य ते दंतचक्र-गुणोत्तर चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय निवडणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित शक्तिप्रेषण म्हणतात. पुढे चालकाची बंदिस्त खोली व मागे उघडा हौदा असलेली हलकी मालवाहू मोटारगाडी म्हणजे पिकअप ट्रक होय. ही गाडी मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली व तेथेच तिच्यात स्वयंचलित शक्तिप्रेषणाचा प्रसार प्रथम झाला. प्रवासी मोटारीत अशा यंत्रणेकडून मुख्यतः सुखद गतिबदलाची अपेक्षा असते. पिकअप ट्रकला मात्र माल वाहणे, ट्रेलर ओढणे, शेतातील चिखलातून वाट काढणे आणि शिवाय कुटुंबाची गाडी म्हणूनही वापरले जाणे अशी परस्परविरोधी कामे करावी लागतात. त्यामुळे गतिबदलाचा मऊपणा व यंत्रणेचा टिकाऊपणा यांतील विरोध या गाडीत जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. या विरोधातून काढलेल्या निरनिराळ्या तडजोडी हाच या यंत्रणेचा इतिहास होय. [⟶ मोटारगाडी].

रचना व कार्य : रूढ स्वयंचलित शक्तिप्रेषणाचे चार प्रमुख भाग असतात. एंजिनालगत टॉर्क कन्व्हर्टर म्हणजेच द्रवीय परिबल परिवर्तक असतो. त्यात एंजिनाने फिरणारे पात्यांचे चक्र तेलाला गती देते व ते तेल समोरच्या दुसऱ्या चक्रास फिरविते. मध्ये बसविलेले तिसरे चक्र तेलाचा प्रवाह वळवून सुरुवातीच्या हालचालीच्या वेळी परिबल (फिरविण्याची प्रेरणा) वाढविते. दुसरा भाग ग्रहीय दंतचक्रमालांचा असून तीत मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि बाहेर आतल्या बाजूस दाते असलेले वलयचक्र असते. यांपैकी एक चक्र रोखून धरले किंवा दोन एकमेकांस जखडली की, वेगवेगळी गुणोत्तरे मिळतात. हे रोखण्याचे व जखडण्याचे काम तिसरा भाग म्हणजे तेलात बुडालेल्या क्लच-पट्टिका व घर्षणपट्टे करतात. चौथा भाग नियंत्रणाचा होय. यात पंपाने दाब दिलेले तेल झडपांच्या जाळ्यातून योग्य त्या क्लचच्या दट्ट्याकडे धाडले जाते.

दंतचक्रे एकमेकांत सदैव गुंतलेली असल्याने गतिबदलाच्या वेळी त्यांची झीज सहसा होत नाही. झीज होते ती क्लचची. एक क्लच सुटत असताना व दुसरा पकडत असताना त्याच्या पट्टिका क्षणभर एकमेकींवर घसरतात आणि त्या घसरणीत खर्च झालेल्या ऊर्जेची उष्णता होते. उदाहरणार्थ, ३०० न्यूटन-मीटर परिबल वाहणाऱ्या क्लचच्या दोन बाजूंमधील सरासरी वेगफरक मिनिटास सुमारे ९५० फेऱ्यांचा असेल व घसरण अर्धा सेकंद टिकली, तर सुमारे १५ किलोजूल उष्णता निर्माण होते. तीच घसरण एक सेकंद टिकली, तर उष्णता दुप्पट होते. घसरण लांबविली म्हणजे प्रवाशास झटका बसत नाही, पण पट्टिका जळतात; ती आखडली म्हणजे पट्टिका वाचतात, पण झटका बसतो व तो पुढे आस, सांधे आणि दंतचक्रे यांवर पडतो. पाठीमागे जड ट्रेलर असेल, तर परिबल व घसरणीचा काळ ही दोन्ही वाढतात. मऊपणा व टिकाऊपणा यांतील विरोधाचे भौतिकीय मूळ येथे आहे.

पूर्वेतिहास : ग्रहीय दंतचक्रे मोटारीत स्वयंचलनापूर्वीच आली होती. फोर्ड कंपनीच्या १९०८ मधील ‘मॉडेल टी’ या गाडीत दोन गतींची ग्रहीय पेटी असून तिचे पट्टे पायाच्या पेडलांनी आवळले जात. १९२५ मध्ये याच गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती विक्रीस ठेवण्यात आली व फोर्डच्या पिकअपची परंपरा सुरू झाली. मॉडेल टीच्या पेटीतील कापसाच्या विणीचे पट्टे वारंवार झिजत व ते बदलण्याचे काम पुष्कळ शेतकरी स्वतःच करीत. घर्षणाचा पृष्ठभाग हाच यंत्रणेचा नाजूक भाग होय, हा धडा अशा रीतीने स्वयंचलनाच्या आधीच मिळाला होता.

स्वयंचलित गतिबदलाचा एक प्रारंभीचा प्रयत्न बॉस्टन येथील स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास केला. त्यांच्या रचनेत वेग वाढला की फिरती वजने केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर फेकली जाऊन वरची गती गुंतत असे. तथापि तत्कालीन धातूंना हा ताण सोसवला नाही. याच सुमारास जर्मन अभियंते हेर्मान फ्यॉटिंगर (१८७७–१९४५) यांनी श्टेटीन येथील व्हुल्कान जहाजबांधणी कारखान्यात काम करीत असताना जहाजाचे वेगवान टरबाइन व सावकाश फिरणारा मळसूत्री पंखा यांना जोडण्यासाठी द्रवाच्या माध्यमातून शक्ती नेण्याची कल्पना मांडली व १९०५ मध्ये तिचे एकस्व मिळविले. मोटारीतील द्रवीय युग्मक व परिबल परिवर्तक हे दोन्ही या कल्पनेतून उद्भवले आहेत.

हायड्रामॅटिक : मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित यंत्रणा जनरल मोटर्स कंपनीची ‘हायड्रामॅटिक’ ही होय. अर्ल टॉम्पसन यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी ती सिद्ध केली व १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती प्रथम उपलब्ध झाली. तीत द्रवीय युग्मक व चार पुढील गती देणारी ग्रहीय पेटी होती. दुसऱ्या महायुद्धात एम-५ व एम-२४ या हलक्या रणगाड्यांत प्रत्येकी दोन कॅडिलॅक एंजिने व त्यांच्या जोडीला हायड्रामॅटिक पेट्या बसविण्यात आल्या. ही यंत्रणा केवळ चैनीची वस्तू नसून कष्टाच्या कामासही पुरते, याची खात्री युद्धकाळात पटली. मात्र तिचा गतिबदल मऊ नव्हता. विशेषतः दुसऱ्या गतीतून तिसऱ्या गतीत जाताना दोन ग्रहीय संचांची अवस्था एकाच वेळी बदलावी लागे व त्यांचा मेळ किंचित चुकला तरी झटका बसे.

याच्या अगदी उलट टोकास ब्यूइकची १९४८ मधील ‘डायनाफ्लो’ ही यंत्रणा होती. तीत सामान्य वापरात गतिबदल होतच नसे. सर्व काम परिबल परिवर्तकावर सोपविलेले असे. त्यामुळे झटक्याचा प्रश्न मिटला, परंतु तेलातील सततच्या घसरणीत शक्ती वाया जाई व इंधन अधिक लागे. पॅकार्ड कंपनीच्या १९४९ मधील ‘अल्ट्रामॅटिक’ या यंत्रणेत गाडी वेगात आल्यावर परिवर्तकाच्या दोन्ही बाजू यांत्रिक क्लचने जखडण्याची सोय होती. ही कल्पना त्या काळी मागे पडली. पण तीस वर्षांनी ती सर्वत्र स्वीकारावी लागली.

पिकअपमध्ये प्रवेश : १९५३ मध्ये फोर्डच्या एफ-१०० या पिकअपमध्ये ‘फोर्डोमॅटिक’ यंत्रणा ऐच्छिक म्हणून उपलब्ध झाली. त्याच सुमारास जनरल मोटर्सच्या जीएमसी व शेव्हरोले या दोन्ही नावांच्या हलक्या ट्रकमध्ये हायड्रामॅटिक मिळू लागली. प्रारंभी शेतकरी व ठेकेदार यांनी तिचे फारसे स्वागत केले नाही. हस्तचलित पेटी स्वस्त होती, तिची दुरुस्ती गावच्या कार्यशाळेत होई आणि उतारावर खालची गती हाताने निवडून एंजिनाकरवी गाडी आवरता येई. १९५६ मध्ये जनरल मोटर्सने प्रवासी मोटारींसाठी दुसरे द्रवीय युग्मक घालून हायड्रामॅटिकचा गतिबदल मऊ केला. ही नवी रचना अधिक गुंतागुंतीची व खर्चिक होती. ट्रकमध्ये मात्र जुनीच साधी, झटका देणारी पण टणक रचना १९६० च्या सुमारापर्यंत चालू ठेवण्यात आली. एकाच कंपनीने एकाच यंत्रणेची दोन रूपे दोन प्रकारच्या ग्राहकांसाठी ठेवावीत, यावरून प्रस्तुत विरोधाची जाणीव उत्पादकांस किती लवकर झाली होती हे दिसून येते.

तीन गतींचा काळ : हॉवर्ड सिम्पसन या अमेरिकन अभियंत्यांनी दोन ग्रहीय संचांना एकच सामाईक सूर्यचक्र देणारी सुटसुटीत रचना शोधून काढली. तीन पुढील व एक मागील गती अल्प भागांत देणाऱ्या या रचनेवर क्रायस्लर कंपनीची ‘टॉर्कफ्लाइट’ (१९५६) आधारलेली होती. १९६२ पासून तिचे ॲल्युमिनियमच्या कवचातील ए-७२७ हे रूप प्रचारात आले. जनरल मोटर्सची टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) व फोर्डची सी-६ (१९६६) या तिच्या समकालीन यंत्रणा होत. टिकाऊपणाची चर्चा निघाली म्हणजे या तिन्हींची नावे आजही आदराने घेतली जातात. त्यांच्या दीर्घायुष्याची कारणे साधी आहेत : गतिबदल फक्त दोन, क्लचच्या पट्टिका मोठ्या, दंतचक्रे जाड आणि नियंत्रण पूर्णतः द्रवीय. चालकाने प्रवेगक पेडल किती दाबले आहे व गाडीचा वेग किती आहे या दोन दाबांच्या तोलावर झडपा सरकत. त्यांचे दोषही याच साधेपणातून आले होते. महामार्गावरील वेगात एंजिन विनाकारण जलद फिरे, परिवर्तकातील घसरण कायम राही व इंधन अधिक जळे. स्वस्त इंधनाच्या काळात हे दोष खपून गेले.

या काळात तेलाचाही प्रश्न उपस्थित झाला. क्लचची पकड एकदम न बसता क्रमाने बसावी म्हणून शक्तिप्रेषणाच्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत असत. १९७० नंतर अमेरिकेत या प्राण्यास कायद्याने संरक्षण मिळाल्याने पर्यायी रसायने शोधावी लागली. प्रारंभीच्या एका पर्यायी तेलाने शीतकातील जोड गंजू लागल्याने ते पुन्हा सुधारावे लागले. यंत्रभाग तेच राहून केवळ तेल बदलले तरी गतिबदलाचा गुण व यंत्रणेचे आयुष्य ही दोन्ही बदलतात, हे यावरून स्पष्ट झाले.

उभ्या गाडीचा प्रश्न : विश्वासार्हतेचा विचार केवळ चालत्या गाडीपुरता मर्यादित नाही. मूळच्या हायड्रामॅटिकमध्ये ‘पार्क’ ही स्थिती नव्हती. एंजिन बंद करून दांडा मागच्या गतीत ठेवला की गाडी जखडली जाई. पुढे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांत दांड्याच्या स्थितींचा क्रम निरनिराळा असल्याने चालकांचा घोटाळा होई. म्हणून अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनी १९६८ पासून पुढील व मागील गतींच्या मध्ये ‘न्यूट्रल’ स्थिती असणे बंधनकारक केले. १९७० नंतरच्या दशकात फोर्डच्या मोटारी व हलके ट्रक यांबाबत गंभीर तक्रारी आल्या. दांडा ‘पार्क’मध्ये पूर्ण न बसता ‘पार्क’ व ‘रिव्हर्स’ यांच्या सीमेवर राहिला, तर एंजिन चालू असताना कंपनांमुळे तो मागच्या गतीत घसरतो व चालक खाली उतरलेला असताना गाडी आपोआप मागे जाते, असे त्यांचे स्वरूप होते. अशा अपघातांत माणसे दगावली. मध्यवर्ती वाहतूक सुरक्षा प्रशासनाने दीर्घ चौकशी केली. अखेर १९८० च्या अखेरीस झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने सुमारे २·३ कोटी वाहनांच्या मालकांस सावधगिरीच्या सूचनेच्या चिकटपट्ट्या पाठवाव्यात असे ठरले. कंपनीने दोष मान्य केला नाही व यंत्रभागही बदलण्यात आले नाहीत. दांड्याच्या खाचेची काही मिलिमीटरांची रचनाही जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकते, याचे हे उदाहरण होय. सुरू ठेवलेली गाडी सोडून हौद्यातील माल उतरविण्याची सवय असलेल्या पिकअप चालकांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे.

इंधनबचत व ओव्हरड्राइव्ह : १९७३ मधील खनिज तेलाच्या टंचाईनंतर अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला व १९७९ सालच्या गाड्यांपासून हलक्या ट्रकनाही त्याची मानके लागू झाली. परिणामी ओव्हरड्राइव्ह म्हणजे एंजिनापेक्षा निर्गमी दंड जलद फिरविणारी चौथी गती आणि परिवर्तक जखडणारा क्लच या दोन सुधारणा अपरिहार्य झाल्या. फोर्डची एओडी (१९८०) व जनरल मोटर्सची ७००-आर-४ (१९८२) या यंत्रणा यातून निर्माण झाल्या. ७००-आर-४ ची गुणोत्तरे ३·०६, १·६३, १ व ०·७० अशी होती. पहिली गती ओढकामास व चौथी महामार्गास अनुकूल होती. तथापि पहिल्या व दुसऱ्या गतींत फार मोठे अंतर पडले. एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असताना दुसरी गती पडली, तर ते एकदम सुमारे १,६०० फेऱ्यांवर येई. भरलेल्या गाडीस चढावर ही दरी जाणवे.

या यंत्रणेत प्रवेगकाची स्थिती कळविणारी एक तार तेलाचा दाब ठरवीत असे. तारेची जुळणी सैल राहिली, तर दाब कमी पडून गतिबदल फार मऊ होई. चालकास तो सुखावह वाटे, पण आत क्लच घसरून अल्पावधीत जळून जात. मऊ गतिबदल हे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे लक्षण नसून कधीकधी नाशाचे पूर्वचिन्ह असते, हा यातील बोध होय. पहिल्या काही वर्षांतील ७००-आर-४ यंत्रणांत बिघाड बरेच होत. दंड, पंप व क्लच यांत क्रमाने सुधारणा झाल्यावर १९८७ नंतरच्या यंत्रणांची प्रतिष्ठा पुष्कळच वाढली. एकाच नावाच्या यंत्रणेचे प्रारंभीचे व नंतरचे उत्पादन एकाच मापाने मोजता येत नाही, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण व डीझेल : १९९० च्या सुमारास द्रवीय तोलाची जागा संवेदक, संगणक व विद्युत् झडपा यांनी घेतली. फोर्डची ई-४-ओ-डी (१९८९) ही सी-६ वर आणि जनरल मोटर्सची ४-एल-८०-ई (१९९१) ही टर्बो हायड्रामॅटिक ४०० वर आधारलेली होती. जुन्या टणक सांगाड्यावर नवे नियंत्रण बसविण्याचा हा मार्ग होता. गतिबदलाच्या क्षणी एंजिनाचे परिबल किंचित उतरविणे संगणकामुळे शक्य झाले; त्यामुळे क्लच कमी घसरूनही झटका सौम्य झाला. मऊपणा व टिकाऊपणा यांतील विरोध येथे प्रथमच काहीसा शिथिल झाला. मात्र त्याबरोबर बिघाडाचे स्थानही सरकले. क्लच शाबूत असताना एखादा संवेदक, तारेचा जोड किंवा विद्युत् झडप निकामी होऊन गाडी अडू लागली.

याच काळात डीझेल एंजिनांनी नवा ताण निर्माण केला. १९८९ मध्ये डॉज पिकअपमध्ये बसविलेल्या ५·९ लिटर कमिन्स एंजिनाचे परिबल सुमारे ५४० न्यूटन-मीटर होते व त्यास आरंभी जुन्या ए-७२७ या तीन गतींच्या यंत्रणेची जोड देण्यात आली. पुढील वर्षांत एंजिनाचे परिबल वाढत गेले. त्या मानाने शक्तिप्रेषण मागे पडले व ते या दणकट एंजिनाच्या गाडीतील कच्चा दुवा मानले जाऊ लागले. जड वाहनांच्या शक्तिप्रेषणाचा अनुभव असलेल्या ॲलिसन विभागाची १००० मालिकेतील पाच गतींची यंत्रणा जनरल मोटर्सने २००१ मध्ये डीझेल पिकअपसाठी घेतली. तिच्यातील ओढकामाच्या विशेष स्थितीत गतिबदल उशिरा व ठाम होत आणि उतारावर ब्रेक दाबताच यंत्रणा स्वतः खालची गती निवडून एंजिनाचा अवरोध उपयोगात आणी. हस्तचलित पेटीच्या पुरस्कर्त्यांचा जुना आक्षेप याने बव्हंशी दूर झाला. फोर्डने २००३ मध्ये ‘टॉर्कशिफ्ट’ ही पाच गतींची यंत्रणा आणली, तर राम ट्रकमध्ये पुढे अधिक भारासाठी जपानच्या आयसिन कंपनीची सहा गतींची यंत्रणा देण्यात आली. २०१९ मध्ये तिच्या जोडीला असलेल्या कमिन्स एंजिनाचे परिबल सुमारे १,३५६ न्यूटन-मीटर, म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या अडीचपट झाले होते. २०१८ मध्ये राम ट्रकमधील हस्तचलित पेटी बंद झाली व अमेरिकेतील पूर्ण आकाराच्या पिकअपमधून ती नाहीशी झाली.

बहुगती यंत्रणा : जर्मनीच्या झेडएफ कंपनीने २००९ मध्ये आठ गतींची ८-एच-पी ही यंत्रणा आणली व २०१३ सालच्या राम १५०० पिकअपमध्ये तिची आवृत्ती बसविण्यात आली. चार ग्रहीय संच व फक्त पाच क्लच-ब्रेक यांतून तिला आठ गती मिळतात आणि कोणत्याही गतीत पाचांपैकी दोनच मोकळे असतात. मोकळ्या पट्टिकांचे तेलातील ओढघर्षण कमी असल्याने उष्णताही कमी होते. गतींची संख्या वाढली म्हणजे गुंतागुंत वाढून टिकाऊपणा घटलाच पाहिजे, या समजुतीस या रचनेने उत्तर दिले. फोर्ड व जनरल मोटर्स या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी २०१३ मध्ये संयुक्त करार करून दहा गतींची यंत्रणा विकसित केली व २०१७ मध्ये ती फोर्ड एफ-१५० मध्ये आली. तीत चौथ्या व पाचव्या गतींची गुणोत्तरे सुमारे १·७७ व १·५२ आहेत. मिनिटास ३,००० फेरे करणारे एंजिन या बदलात सुमारे २,५८० फेऱ्यांवरच येते. ७००-आर-४ मधील १,४०० फेऱ्यांच्या घसरगुंडीशी याची तुलना केली म्हणजे बहुगती यंत्रणेचा मुख्य लाभ ध्यानात येतो. प्रत्येक बदलात क्लचला पचवावा लागणारा वेगफरक कमी असतो. मात्र बदलांची एकूण संख्या कितीतरी वाढते.

या यंत्रणाही निर्दोष ठरल्या नाहीत. फोर्डच्या सहा गतींच्या यंत्रणेत निर्गमी दंडाच्या वेग-संवेदकाचा संदेश खंडित होऊन गाडी वेगात असताना एकदम पहिल्या गतीत उतरण्याचा धोका आढळला. त्यासाठी २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतील २०११–१३ सालच्या सुमारे १४·८ लाख एफ-१५० गाड्या दुरुस्तीकरिता परत बोलाविण्यात आल्या आणि २०२४ मध्ये २०१४ सालच्या आणखी साडेपाच लाखांवर गाड्यांची त्यांत भर पडली. जनरल मोटर्सच्या आठ गतींच्या यंत्रणेत ठरावीक वेगांवर थरथर जाणवे. इंधनबचत व मऊपणा यांसाठी परिवर्तकाचा क्लच पूर्ण न जखडता हेतुपुरस्सर किंचित घसरत ठेवलेला असतो. तेलाने हवेतील ओलावा शोषला की ही नियंत्रित घसरण अडखळते. २०१९ मध्ये कंपनीने जुने तेल काढून वेगळ्या प्रकारचे तेल भरण्याची सूचना दुरुस्तीगृहांस दिली. या थरथरीवरून न्यायालयीन दावेही झाले. पन्नास वर्षांपूर्वीचा तेलाचा धडा येथे पुन्हा गिरवावा लागला. दहा गतींच्या यंत्रणांबाबत कमी वेगातील झटके व गतीच्या निवडीतील घुटमळ यांच्या तक्रारी आल्या. संगणक चालकाच्या सवयी शिकून दाब ठरवीत असल्याने दुरुस्तीनंतर ही शिकवण पुसली गेली, तर काही काळ गतिबदल ओबडधोबड होतो.

जपानी पिकअप : बॉर्ग-वॉर्नर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयसिन-वॉर्नर कंपनीच्या ए-३४० मालिकेतील चार गतींच्या यंत्रणा टोयोटाच्या पिकअपमध्ये वापरल्या गेल्या. मध्यम परिबलाचे एंजिन, सावध गुणोत्तरे व क्षमतेचा राखीव अंश यांमुळे त्यांनी दीर्घायुष्याचा लौकिक मिळविला. याउलट निसानच्या २००५ ते २०१० या काळातील फ्रंटियर पिकअपमध्ये शक्तिप्रेषणात मूळचा दोष नसताही तो नष्ट होई. उष्णता-उत्सर्जकातच बसविलेला तेलाचा शीतक फुटून पाणी तेलात मिसळे व क्लच-पट्टिकांचे अस्तर सुटून जाई. शक्तिप्रेषणाची विश्वासार्हता त्याच्या पेटीबाहेरील भागांवरही अवलंबून असते, हे यावरून कळते. शिवाय टिकाऊ यंत्रणा सुखद असतेच असे नाही : टोयोटाच्या टाकोमा पिकअपमधील २०१६ सालापासूनची सहा गतींची यंत्रणा चढावर वरखाली गती बदलत राहते, अशी चालकांची तक्रार होती.

तुलनेची तत्त्वे : वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, गतींची संख्या ही टिकाऊपणाची कसोटी नव्हे. क्लचची क्षमता व त्यावर पडणारे परिबल यांचे प्रमाण ही खरी कसोटी होय. टर्बो हायड्रामॅटिक ४०० व ॲलिसन १००० यांच्यात गतींची संख्या, नियंत्रण व काळ यांचे अंतर पुष्कळ आहे. पण दोहोंत क्षमतेचा राखीव अंश मोठा होता व दोन्ही टिकल्या. दुसरा असा की, उष्णता हा सर्व यंत्रणांचा समान शत्रू आहे. तेलाचे तापमान सुमारे ८०° से. च्या वर दर १०° से. ने वाढले की, त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीस मोठा शीतक व वेळेवर तेलबदल हे यंत्रणेच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरतात. ‘आयुष्यभराचे तेल’ ही संज्ञा अशा वापरास लावता येत नाही. तिसरा असा की, गतिबदलाचा अनुभव व यंत्रणेची प्रकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाम गतिबदल हा दोष असेलच असे नाही आणि मऊ गतिबदल हा गुण असेलच असे नाही. पूर्वीच्या मानाने त्यात अचानक पडलेला फरक हे मात्र विश्वसनीय लक्षण आहे. शेवटी, तक्रारींच्या संख्येवरून यंत्रणांची क्रमवारी लावताना कोणत्या गाड्या किती विकल्या गेल्या व कोणत्या भाराखाली वापरल्या गेल्या हे पाहावे लागते. शहरात रिकाम्या फिरणाऱ्या हजार पिकअप व डोंगरात गुरांचे ट्रेलर ओढणाऱ्या शंभर पिकअप यांच्या पेट्यांची तुलना त्याशिवाय न्याय्य होत नाही.

भारतात पिकअप ही मुख्यतः भाजीपाला, दूध व किरकोळ माल यांच्या वाहतुकीची गाडी असून अल्प किंमत व गावोगावी होणारी दुरुस्ती यांमुळे तिच्यात हस्तचलित पेटीच रूढ राहिली. स्वयंचलित यंत्रणा प्रामुख्याने खाजगी वापराच्या पिकअपमध्ये आली. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१९) व टोयोटा हायलक्स (२०२२) ही त्याची उदाहरणे होत. रिव्हियन आर-१-टी (२०२१) व फोर्ड एफ-१५० लाइटनिंग (२०२२) या विद्युत् पिकअपमध्ये चलित्र शून्य वेगापासूनच पूर्ण परिबल देत असल्याने एकाच गुणोत्तराची दंतचक्रे पुरतात. तेथे क्लच नाही व गतिबदलही नाही. त्यामुळे मऊपणा व टिकाऊपणा यांतील हा विरोधच उद्भवत नाही. एंजिनाच्या पिकअपमध्ये मात्र घर्षण, तेल व उष्णता यांच्या मर्यादेतच तो सोडवावा लागतो. [⟶ क्लच; दंतचक्र; वंगण].